चिखलात खेळायला पाठवण्यासाठी फी भरावी का? (बालवाडी निवडताना)

ओवीची_आई | १८ जानेवारी, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच, सांभाळून घ्या.

मुलगी सव्वातीन वर्षांची. राहतो पुण्यात वाकडला, चौदाव्या मजल्यावर. जूनमध्ये तिला बालवाडीत घालायचंय आणि दोन शाळांमध्ये गाडी अडकली आहे.

पहिली सोसायटीच्या गेटपासून चालत सहा मिनिटं. वर्ग एसी. मैदान म्हणजे गच्चीवर अंथरलेला प्लास्टिकचा हिरवा गालिचा. तिथल्या बाई अभिमानाने म्हणाल्या, "आमच्याकडून मुलं आली तशीच स्वच्छ घरी जातात." पहिल्याच वर्षी पेन्सिल हातात.

दुसरी अकरा किलोमीटरवर, मुळशीच्या बाजूला. आंब्याची झाडं, वाळूचा हौद, पातेली-मडकी मांडलेलं "चिखलाचं स्वयंपाकघर", दोन शेळ्या. पाच वर्षांपर्यंत लिहायला बसवत नाहीत. फी पहिलीच्या जवळजवळ दुप्पट, व्हॅनचे वेगळे. एका वेळचा प्रवास चाळीस मिनिटं, तोही हिंजवडीच्या ट्रॅफिकने कृपा केली तर.

नवरा म्हणतो, चिखलात खेळायचे एवढे पैसे? मी साताऱ्याला फुकट खेळलोय. सासूबाई म्हणतात, मग ही लिहायला शिकणार कधी? मधे मी.

माझा जीव दुसरीकडे का ओढतोय ते सांगते. डिसेंबरात गावी गेलो होतो, वाईजवळ. ओवीला अंगणात उतरवलं तर दोन्ही पाय वर घेऊन रडायला लागली. "आई, खाली टोचतंय." खाली काही नव्हतं हो. सारवलेलं अंगण. शेवटी सासऱ्यांनी तिच्यासाठी अंगणात सतरंजी अंथरली आणि ती सतरंजीच्या काठावर बसून कोंबड्या बघत राहिली. आजूबाजूची पोरं तिच्याकडे बघत होती, ते वेगळंच.

तर काय करू? कोणी असल्या "निसर्गशाळेत" मुलं घातली आहेत का?

चकलीचा_सोऱ्या | १८ जानेवारी, रात्री ११.३२

सतरंजी वाचून हसावं की रडावं कळेना. आमच्या चिरंजीवांनी मामाच्या गावी शेणाचा पो बघून "बाबा, कोणाचा तरी डायपर सुटलाय" असं सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं. वाचतोय.

टेकडीवाला | १९ जानेवारी, सकाळी ७.०५

जायचे चाळीस, यायचे चाळीस. निसर्गाच्या जवळ जाण्यासाठी साडेतीन वर्षांचं मूल रोज ऐंशी मिनिटं डिझेलच्या व्हॅनमध्ये बसणार. यातला विनोद फक्त मलाच दिसतोय का?

मी मुलीला दोन वर्षांची असल्यापासून वेताळ टेकडीवर नेतो. तिकीट नाही, गणवेश नाही. तिला मोर ओरडला की दिशा सांगता येते. आघाड्याच्या काट्यांनी मोजे भरून आले की घरी बसून ती एकेक वेचते आणि मोजते. परवा चौसष्टपर्यंत गेली. याला गणित म्हणायचं की निसर्गशिक्षण, ते शाळावाल्यांनी ठरवावं आणि फी मला द्यावी.

जवळची शाळा घ्या, वाचलेले पैसे बँकेत टाका, संध्याकाळी मुलीला घेऊन बाहेर पडा.

उंटावरचा_शहाणा | १९ जानेवारी, सकाळी ९.४८

चिखलाचं स्वयंपाकघर! आमच्या वेळी याला "अगं कार्टे, ते दुधाचं पातेलं कुठं नेलंस" असं म्हणायचे.

श्वेतांबरी | १९ जानेवारी, दुपारी २.२०

माझा मुलगा अशा एका शाळेत तीन वर्षं होता (नाव देत नाही, जाहिरात वाटेल). अनुभव लिहिते.

पहिला महिना तो बाकावर बसून बाकीच्यांकडे बघत होता. ताईंनी एकदाही "जा ना, खेळ ना" केलं नाही. मला धीर नव्हता, त्यांना होता. दुसऱ्या महिन्यात एका मुलीने त्याच्या हातात गांडूळ ठेवलं आणि विषय संपला.

त्यांचा झाडाचा एक नियम मला फार आवडायचा: कोणालाही उचलून फांदीवर बसवायचं नाही. स्वतःला चढता येईल तेवढंच चढायचं. मुलं आपोआप त्यांना उतरता येईल एवढ्याच उंचीवर थांबायची. तीन वर्षांत खरचटणं रोजचं, पण पडून हात मोडल्याची एकच घटना, आणि तीही शाळेच्या पायरीवरून.

घरी काय काय आलं: खिसे भरून खडे, शंखाची गोगलगाय (जिवंत, डब्यात, पोळीसोबत), आणि चिंचोके. चिंचोक्यांनी वॉशिंग मशीनचा ड्रेन पाइप तुंबला. मेकॅनिकने साडेसातशे घेतले आणि चिंचोके परत दिले.

पहिलीला साध्या शाळेत घातला तेव्हा अक्षर सगळ्यांच्या मागे. वर्गशिक्षिकेने दोनदा बोलावून घेतलं. मी रात्री रडलेय. दिवाळीनंतर तो बाकीच्यांच्या बरोबरीला आला. आता चौथीत आहे, अक्षर अजूनही वाईट, पण ते त्याच्या बाबांचंही आहे.

टेकडीवाला, तुमचं व्हॅनबद्दलचं म्हणणं मात्र खरं आहे. आम्ही शाळेपासून दहा मिनिटांवर राहायचो.

डॉ_कैरी | १९ जानेवारी, रात्री १०.१५

बालरोगतज्ज्ञ म्हणून चार गोष्टी.

ओवी पाय वर घेते यात घाबरण्यासारखं काही नाही. तिच्या तळव्यांना फरशी, गालिचा आणि बूट एवढंच माहीत आहे. ओढून मातीत उभं करू नका. आधी तुम्ही चपला काढून बसा. कोरडी वाळू, मग ओली वाळू, मग ओलं गवत, असं तिच्या गतीने. जेवणाचे ठरावीक पदार्थ, कपड्याचं लेबल, केस कापणं, नळाचा आवाज असं सगळंच तिला सोसत नसेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

दुसरं, डोळे. माझ्याकडे चार-पाच वर्षांची चष्मा लागलेली मुलं येतात, ते पंधरा वर्षांपूर्वी क्वचित दिसायचं. दिवसाच्या उजेडात बाहेर घालवलेला वेळ वाढला की मायनस नंबरचा चष्मा (लांबचं अंधुक दिसतं तो) लागण्याचं प्रमाण कमी होतं, हे आता चांगलं सिद्ध झालं आहे. बाहेरच्या प्रखर उजेडाचा डोळ्याच्या पडद्यावर चांगला परिणाम होतो. तैवानने २०१० पासून शाळांमधून मुलांना रोज १२० मिनिटं बाहेर काढायचा कार्यक्रमच घेतला. तिथे झाड असलंच पाहिजे असं नाही, उघडं आकाश हवं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की ३-४ वर्षांच्या मुलांनी दिवसभरात किमान १८० मिनिटं हालचाल करावी, त्यातली ६० मिनिटं चांगली दमवणारी.

तिसरं, माती म्हटलं की जंत. आत येताना साबणाने हात, नखं कापलेली, आणि जंताची गोळी. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट हे जंतनाशक दिन असतात, सरकारी शाळा-अंगणवाडीत गोळी फुकट मिळते. दीड-दोन वर्षांचा त्रिगुणी लसीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर झालाय का बघून ठेवा.

चौथं, पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात जखम घेऊन उतरू द्यायचं नाही. उंदरांमुळे लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होतो. वाहता ओहोळ आणि गटाराचं डबकं यातला फरक मुलाला शिकवण्याआधी आजीला शिकवावा लागतो हा माझा अनुभव आहे.

हेमांगी_बी | २० जानेवारी, सकाळी ११.५५

सगळं वाचलं. टेकडीवर नेणारे बाबा वंदनीय. आता मला सांगा, सोमवारी सकाळी त्या आघाड्याने भरलेल्या मोज्यांचं पुढे काय होतं?

मी सात वाजता घरी पोचते. त्यानंतर जेवण, भांडी, उद्याचा डबा. मुलाने चिखल केला तर तो माझा अर्धा तास. कामाच्या मावशींनी स्वच्छ सांगितलंय, चिखलाचे कपडे असतील तर पैसे वाढवा. माझ्यासारखीला "आली तशीच स्वच्छ जातात" हे वाक्य किती गोड लागतं, ते रविवारी निसर्गात जाणाऱ्यांना नाही कळायचं.

टेकडीवाला | २० जानेवारी, दुपारी १२.३०

आमच्याकडे कपडे मीच धुतो.

हेमांगी_बी | २० जानेवारी, दुपारी १२.३४

मशीनचं बटण दाबणं याला आमच्याकडे धुणं म्हणत नाहीत. चिखल आधी घासावा लागतो.

टेकडीवाला | २० जानेवारी, दुपारी १.०२

बायकोला विचारलं. ती म्हणाली, हेमांगीताईंना माझा नमस्कार सांग.

सेविका_यवतमाळ | २० जानेवारी, रात्री ९.२०

मी अंगणवाडी सेविका आहे, एकोणीस वर्षं झाली. इथं वाचते पण लिहीत नाही. आज राहवलं नाही.

माझ्याकडे २३ मुलं. माती म्हणाल तर दारापासून शेतापर्यंत मातीच आहे. मुलं सकाळी बकरीमागे फिरून येतात, मग माझ्याकडे. पळस, मोह, तेंदू, चारोळी, कोणतं फळ कधी पिकतं, कोणत्या झाडाला हात लावायचा नाही, हे चार वर्षांचं पोरगं मला सांगते. पण आईबाप काय म्हणतात? "बाई, खेळायला तर ते घरीबी खेळते. तुम्ही शिकवता काय?" आणि तालुक्याहून इंग्रजी शाळेची पिवळी गाडी येते, टाय लावलेली तीन मुलं मागच्या वर्षी त्या गाडीत गेली. त्यातलं एक रोज उलटी करते म्हणे.

मातीत खेळणं आमच्याकडे गरिबीची खूण आहे. तुमच्याकडे तीच गोष्ट फी भरून मिळते. मी कोणाला दोष देत नाही. पण माझ्या गावातल्या आईला मी कोणत्या तोंडाने सांगू की पुण्यात लोक दुप्पट पैसे देऊन पोराला चिखलात घालतात? ती म्हणेल, बाई माझी थट्टा करते.

मी एवढंच करते: आया न्यायला येतात तेव्हा घमेल्यात तूर, हरभरा, मूग, ज्वारी एकत्र करून ठेवते आणि मुलांना वेगळं करायला लावते. मग आईला विचारते, यात किती ढीग झाले, कोणता मोठा, कोणता लहान, पोराला विचारा. पोरगं सांगते. तेव्हा आईला वाटते की हो, शिकून राहिलं काहीतरी.

चिकूवाडी | २१ जानेवारी, सकाळी ६.५०

सेविकाताई, या धाग्यावरचा सर्वात महत्त्वाचा प्रतिसाद तुमचा आहे. मी डहाणू-बोर्डीकडचा, वय ७४. थोडं लांबण लावतो, म्हाताऱ्याला माफ करा.

तुमच्या हुद्द्यातला "अंगणवाडी" हा शब्द आमच्या भागातला. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम करून आलेल्या. १९२६ साली त्यांनी नूतन बाल शिक्षण संघ काढला. १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ तेव्हापासून त्यांच्याबरोबर. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, कारण कोणी धाकट्या भावंडाला सांभाळतंय, कोणी गुरं राखतंय. तेव्हा या बायांनी बालवाडीच पाड्यावर नेली, घरांमधल्या अंगणात. ती अंगणवाडी. आणि गुराखी मुलांसाठी शिक्षक गुरांबरोबर कुरणात जाऊ लागले, ती कुरणशाळा.

आता गंमत बघा. माँटेसरीची महागडी साधनं खेड्यात परवडणार नव्हती, म्हणून ताराबाईंनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे यांची साधनं केली. आंघोळ घालणं, केस विंचरणं, नखं कापणं हाही अभ्यासक्रमाचाच भाग. म्हणजे चिखल आणि साबण दोन्ही. १९७५ साली २ ऑक्टोबरला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली तेव्हा तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. नाव देशभर गेलं. कुरणशाळा हा शब्द मात्र आमच्याकडेच राहिला.

ओवीच्या आईला एवढंच सांगेन, की आपल्याकडे ही कल्पना परदेशातून पॅकिंगमध्ये आलेली नाही. गुरांमागे जाणाऱ्या पोरांसाठी निघाली होती.

चकलीचा_सोऱ्या | २१ जानेवारी, सकाळी ८.३०

काका, दंडवत. ऐंशी वर्षांपूर्वीची गोष्ट आणि आम्ही इथे व्हॅनचं भाडं मोजतोय.

नेकारकाठी | २१ जानेवारी, दुपारी ३.४०

श्टुटगार्टजवळून लिहितेय. मुलगी दोन वर्षं वाल्डकिंडरगार्टनमध्ये आहे, म्हणजे अक्षरशः जंगलातली बालवाडी. इमारत नाही. चाकावरची एक लाकडी खोली असते, बाउवागन म्हणतात, फार वादळ असेल तरच आत. डेन्मार्कमध्ये १९५० च्या दशकात अशी सुरुवात झाली, जर्मनीत १९६८ ला वीसबाडेनला पहिली निघाली, सरकारमान्य म्हणायची तर १९९३ ची फ्लेन्सबुर्गची.

रोजचं कसं चालतं: सकाळी रबरी चिखल-विजार घालून जंगलाच्या तोंडाशी सोडायचं. वाटेवर ठरावीक झाडं ठरलेली आहेत, मुलं पुढे धावली तरी त्या झाडापाशी थांबून मोठ्यांची वाट बघतात. फांदी किती लांब घ्यायची तर आपल्या हाताएवढी. चाकूने लाकूड तासायचं ते बसूनच. खाली पडलेली बोरं-बेरी न धुता तोंडात घालायची नाहीत. आणि रोज संध्याकाळी अंगावर गोचीड आहे का ते कानामागे, काखेत, गुडघ्यामागे तपासायचं. हे मी अजून एकदाही चुकवलेलं नाही.

सांगलीहून आई आली होती फेब्रुवारीत. उणे चार तापमान, मुलगी ओंडक्यावर बसून डबा खातेय. आईने शिक्षिकेला शुद्ध मराठीत सुनावलं, "अहो, पोरीला घरात घ्या की!" शिक्षिकेला वाटलं आजी कौतुक करतायत. ती हसून "या, या" (म्हणजे हो, हो) म्हणाली.

पण इथलं उचलून तिथे लावू नका. इथे फी बाकीच्या किंडरगार्टनइतकीच आहे, जंगल घरापासून बारा मिनिटांवर आहे, आणि त्या पाचोळ्यात घोणस नसते.

कोकणकडा | २१ जानेवारी, सायं. ६.१५

घोणशीचं नाव निघालं म्हणून. आमच्याकडे जांभ्याच्या कातळावर फुरसं असतं. वीतभर-हातभर, दगडाच्या रंगाचं. आमची मुलं तरीही बाहेरच असतात. आजीचा एकच नियम होता: जिथे डोळा पोचत नाही तिथे हात घालायचा नाही. दगडाखाली नाही, बिळात नाही, लाकडाच्या राशीत नाही. अंधारात पाय आपटत चालायचं. घरी मांत्रिकाचा नंबर नको, सरकारी दवाखान्याचा हवा, विषावरची लस तिथे असते.

हा नियम माझ्या मुलाला तीन वर्षांचा असताना पाठ होता. शहरातून आलेल्या भाच्याने मात्र पहिल्याच दिवशी चेंडूसाठी थेट कुंपणात हात घातला. मुलगा एवढा मोठ्याने ओरडला की शेजारचे आले.

वऱ्हाडी_ठेचा | २१ जानेवारी, रात्री ८.४५

राजेहो, तुमच्या त्या जंगलशाळेत मे महिना असते का? नागपुरात ४५ असते तेव्हा चिखलच काय, पाण्याचा हौदबी उकळते. आमच्या पोरीची बालवाडी मार्चपासून साडेसहाला भरते आन् साडेनऊला सुटते. कडुनिंबाखाली मातीचा ओटा हाय, शिंपडलेला. मे-जूनमधी निंबोळ्यांचा सडा पडते, तेव्हा सुट्टीतबी पोरं तिथंच. निंबोळ्या मोजणं, खाणं, फेकून मारणं. तिसरा विषय सगळ्यांना आवडते.

बाहेर म्हणजे दुपारी बारा वाजता बाहेर असं कोणी सांगितलं? आपल्या हवेचा हिशोब आपण लावावा.

म्हापशेकार | २२ जानेवारी, सकाळी १०.०५

चिखलाची एवढी चर्चा आणि माशेलचं नाव नाही? आमच्या गोव्यात आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलच्या देवकीकृष्णाच्या मैदानात चिखलकाला असतो. अंगाला तेल लावून म्हातारे, बाप्ये, पोरं सगळे चिखलात. कृष्णाचे खेळ म्हणून. मी पाच वर्षांचा असताना बाबांच्या खांद्यावरून थेट आत पडलो होतो. आई म्हणाली होती, "पडला? पडू दे, देवाचा चिखल." एरवी तीच आई पायाला वाळू लागली तरी दारात उभी करायची.

मधुमालती | २२ जानेवारी, सकाळी ११.३०

अवांतर: तुमच्याकडे फरशीवर खडूने चौकोन काढून एका पायावर खेळतात त्याला काय म्हणतात? मी मुलांना "ठिकरी" शिकवत होते, सोसायटीतल्या बाई म्हणाल्या तो "जिबली" आहे.

उंटावरचा_शहाणा | २२ जानेवारी, सकाळी ११.४१

बिल्लस. बाकी सगळं चूक.

कोकणकडा | २२ जानेवारी, सकाळी ११.५०

ठिकरी हे खापराच्या तुकड्याचं नाव. खेळाचं नाव विचारलंय.

(यापुढचे सतरा प्रतिसाद "ठिकरी की बिल्लस" या नव्या धाग्यावर हलवले आहेत. मूळ विषयावर या. – संपादक)

ओवीची_आई | २४ जानेवारी, रात्री १०.५०

सगळ्यांचे आभार. सेविकाताईंचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. दोघंही बराच वेळ गप्प.

काल दुसऱ्या शाळेत न सांगता गेले. "जवळून चालले होते, फॉर्म घ्यायचा राहिला" असं सांगून. ताई भल्या होत्या, आत सोडलं. सकाळचे साडेदहा, बाहेर सुंदर ऊन. मुलं आत, चटईवर, आंब्याच्या पानाचं चित्र रंगवत होती. खिडकीबाहेर आंबा.

चिखलाच्या स्वयंपाकघरापाशी गेले. पातेली ओळीने मांडलेली, सगळीकडे धूळ. एका मडक्यात वाकून बघितलं तर आत कोळ्याचं जाळं, चांगलं जुनं, त्यात वाळलेली माशी. नळाला कुलूप. रोज पोरं खेळतात त्या मडक्यात कोळी घर करत नाही एवढं मला चौदाव्या मजल्यावर राहूनही कळतं. ताई म्हणाल्या, "चिखलाचा दिवस महिन्यातून एकदा असतो, पालकांना फोटो पाठवतो."

शेळ्या खऱ्या होत्या.

श्वेतांबरी | २४ जानेवारी, रात्री ११.१५

अरेरे. बरं झालं गेलात. सगळ्या अशा नसतात हं, पण बघायचं कसं ते मी आता सांगू शकते. ताईंच्या चपला आणि नखं बघायची. मुलांचे जादा कपडे कुठे टांगलेत आणि ते वापरलेले दिसतात का. पाऊस आला तर काय करता असं विचारायचं. "आत घेतो" आलं की समजायचं. एका ताईमागे मुलं किती. आणि तुम्ही केलंत तसं, न सांगता जायचं.

हेमांगी_बी | २५ जानेवारी, सकाळी ९.१०

कोळ्याला शाळा तपासनीस म्हणून नेमा.

डॉ_कैरी | २५ जानेवारी, दुपारी १.००

जवळची शाळा घेतलीत तर एक करा. तिथल्या बाईंना विचारा, रोज अर्धा तास मुलांना गालिचावर का होईना, उघड्या आकाशाखाली नेता का. आणि तीन वर्षांच्या बोटांना पेन्सिलीची घाई नको, आधी कणीक, माती, चिमटे, दोरा. बोटांत जोर आला की अक्षर येतं. सासूबाईंना सांगा, नव्या शैक्षणिक धोरणातही (२०२०) तीन ते आठ वर्षांचा टप्पा खेळातून शिकण्याचाच धरलाय. धोरणाचं नाव घेतलं की ज्येष्ठ ऐकतात.

ओवीची_आई | १९ ऑक्टोबर, रात्री ९.३०

धागा वर काढतेय. कोणी विचारलं नाही पण सांगायचंय.

जवळची शाळा घेतली. पेन्सिल आहे, गालिचा आहे, ठीक आहे. चालत जातो, वाटेत एक गुलमोहर लागतो, त्याच्या शेंगेचा खुळखुळा करतो.

व्हॅनचे जे ऐंशी मिनिटं वाचले ते संध्याकाळी वापरले. सोसायटीत पंपहाउसच्या मागे एक पट्टा आहे, असेल तीन मीटर बाय दहा. बिल्डरने उरलेली खडी आणि माती तिथे टाकली होती. अध्यक्षांना विचारलं तर म्हणाले, लॉन सोडून कुठेही, आणि तक्रार आली तर बंद. जूनपासून रोज सव्वापाच ते साडेसहा, पाच मुलं, एक नळी, जुनी पातेली. सी विंगमधले एक आजोबा खुर्ची टाकून बसतात. ते निवृत्त ओव्हरसियर आहेत. त्यांनी पोरांना पाट काढून पाणी वळवायला शिकवलं आणि आता रोज धरणाचा एक तरी वाद असतो.

ओवीचे पाय. पहिला आठवडा बूट. दुसरा आठवडा चपला. मग एक दिवस एकच चपल होती, दुसरी पाण्यात गेली म्हणून. ती एक पाय चपलेत आणि एक पाय चिखलात असा तासभर फिरली. दर दोन मिनिटांनी चिखलातला पाय उचलून बघायची, तो तिथेच आहे ना म्हणून. मी काही बोलले नाही (श्वेतांबरीच्या ताई आठवल्या). दुसऱ्या दिवशी तिने खाली येतानाच दोन्ही चपला लिफ्टमध्ये काढल्या.

मुंग्या चावल्या, एकदा ताप आला, एका आईने मुलाला पाठवायचं बंद केलं. कपड्यांसाठी हेमांगीताईंची आठवण रोज येते. एकच जुना टीशर्ट "चिखलाचा" म्हणून ठरवलाय, तो दारातल्या बादलीत बुडवून ठेवते आणि नवरा घासतो. हो, घासतो.

आता मूळ मुद्दा. पोरांना त्या पट्ट्यात दिवाळीचा किल्ला करायचाय. साताऱ्याच्या माणसाने मुकादमकी घेतली आहे, दोन दिवस ऑफिसातून लवकर येतोय. बुरूज झाले, गुहेसाठी नारळाची करवंटी पुरली आहे. प्रश्न असा, अळीव किती दिवस आधी पेरायचे? मागच्या वेळी मी केला होता तेव्हा आठवीत होते.

वऱ्हाडी_ठेचा | १९ ऑक्टोबर, रात्री ९.४४

आमच्याकडं किल्ला नाही करत जास्त, पण वाचून करावा वाटून राहिला.

चिकूवाडी | २० ऑक्टोबर, सकाळी ६.३०

चार-पाच दिवस पुरतात. आधी भिजवू नका, चिकट होतात आणि गोळा होऊन एकाच जागी उगवतात. कोरडेच माती ओली करून वर भुरभुरा, हाताने पाणी शिंपडा. नळी लावलीत तर सगळे खंदकात जमा होतील.

सेविका_यवतमाळ | २० ऑक्टोबर, दुपारी ३.१०

फोटो टाका. माझ्या आयांना दाखवते. पुण्याच्या पोरांचे पाय पण दिसू द्या त्यात.

चकलीचा_सोऱ्या | २० ऑक्टोबर, दुपारी ३.४५

सगळं ठीक. त्या सतरंजीचं काय झालं?

ओवीची_आई | २० ऑक्टोबर, रात्री १०.०५

दिवाळीला सासूसासरे आलेत, सतरंजी घेऊन. किल्ल्याशेजारी अंथरली आहे. सासरे तिच्यावर बसून तटबंदीच्या सूचना देतायत. खाली मुंग्या चावतात म्हणे त्यांना.